वन्संचा राघू आणि माझे हात

वन्सं गेल्या त्याला आता महिना होत आला. सुतक फिटलं, तेराव्याची पानं उठली, आणि भेटायला येणाऱ्या बायकांचा डोळ्यांना पदर लावून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग त्या राघूचं आता काय करणार?" जणू वन्सं जाण्यापेक्षा राघू मागे राहणं हेच आमच्या घरावरचं मोठं संकट! मीही उत्तर ठरवून टाकलंय. म्हणते, "तुम्हाला हवाय का? पिंजऱ्यासकट देते." की लगेच त्यांना चुलीवरचं दूध आठवतं. आमच्या आळीत अशी बाई शोधून सापडायची नाही जिच्या बोटाला या पाखराने प्रसाद दिलेला नाही. पण मी लिहायला बसले आहे ती वन्संसाठी. मामंजींनी मला बाळबोध अक्षर गिरवायला लावलं, तेव्हा वन्संच म्हणाल्या होत्या, "शिकवा, अप्पा, शिकवा. भाकरी करपली तर निदान तिच्यावर श्लोक लिहील." तेव्हा राग आला होता. आता ती अक्षरं त्यांच्याच कामी येतायत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, यमुनाबाई. नवरा गेला तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की त्याचा चेहराही त्यांना धड आठवत नव्हता. डोक्यावरचे केस गेले, अंगावर आलवण आलं, हातातल्या बांगड्या गेल्या, आणि त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. मी लोणीहून लग्न होऊन इथे शनिवार पेठेत आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात दफ्तरातून थकून येणारे मामंजी, माझा नवरा आणि वन्सं. नणंद म्हटलं की धाक असतोच, त्यातून ही जिभेची तिखट. पण एक सांगते, वन्संनी मला कधी हलकं केलं नाही. चेष्टा करायच्या, आणि मी रुसले की कोशिंबीर दोनदा वाढायच्या. माफी मागायची त्यांची रीत ती एवढीच.

राघू आला तो एका सरदाराच्या वाड्यातून. वन्सं तिथे सणावारी सोवळ्याचा स्वयंपाक करायला जात. करण पोपट, चांगला कबुतराहून मोठा, पंखावर लाल पट्टा आणि चोच अडकित्त्यासारखी. तिथल्या लहान बाईसाहेबांच्या अंगठ्याचा त्याने तुकडाच काढला, म्हणून त्याला सोडून द्यायचं ठरलं होतं. पंख छाटलेलं पाखरू सोडायचं म्हणजे मांजराला पान वाढायचं! वन्सं पिंजरा उचलून घरी घेऊन आल्या. त्याला एकच शब्द येत होता. "मुजरा!" कुणी बाई जवळ गेली की तो मान वाकडी करून ओरडायचा, "मुजरा! मुजरा!", आणि दुसऱ्या क्षणी बोट धरायचा. वन्संना मात्र चावला नाही तो नाहीच. त्यांच्या हातून मिरची खायचा, चोचीने त्यांच्या मनगटावरून कुरकुर करत फिरायचा, आणि त्यांना मुजराही करायचा नाही. सकाळी दारातून बाहेर पडणाऱ्या लोकांनी ज्यांचं तोंड दिसू नये म्हणून मान फिरवायची, त्या वन्सं पिंजऱ्याजवळ बसून म्हणायच्या, "बघितलंस सगुणा? गावाला नको असलेली मी याला हवी आहे." हसतच म्हणायच्या. पण मला ते ऐकून भरून यायचं.

आता माझं सांगते. हातगुण म्हणून एक गोष्ट असते. एखादीच्या हातचं लोणचं तीन वर्षं टिकतं, दही विळीने कापावं असं लागतं, रडतं मूल तिने घेतलं की गप्प होतं. माझं सगळं उलटं. माझ्या लोणच्याला बुरा, मी लावलेली तुळस वाळलेली. यावर पेठ हसली असती आणि मीही हसले असते. पण माझी दोन मुलं गेली. पहिला बारशापर्यंतही थांबला नाही. दुसरी मुलगी रांगायला लागली होती, उंबऱ्याशी यायची आणि माझ्याकडे बघून थांबायची... तीही तापाने गेली. शेजारच्या दुर्गाकाकू समाचाराला आल्या आणि जाताना दारात कुणाला तरी म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे हो, पण हाताला गुण नाही." हळू बोलल्या, पण दुर्गाकाकूंचं हळू बोलणं ओंकारेश्वरापर्यंत ऐकू जातं. तेव्हापासून मी माझ्या हातांकडे बघायला लागले. कुणाचं तान्हं मूल समोर आलं की मी हात पदराखाली घ्यायची.

त्या वर्षी नवरा फौजेबरोबर हिंदुस्थानात छावणीला होता. निघाला चैत्रात, आणि आषाढ लागता लागता मला कळलं की पुन्हा दिवस गेलेत. मी कुणाला बोलले नाही. बोललं की दृष्ट लागते, आणि माझ्या बाबतीत दृष्ट लावायला बाहेरचं कुणी कशाला हवं, मी होतेच की! तेवढ्यात वन्संनी जाहीर केलं की त्या चातुर्मासाला नाशिकला जाणार, गोदावरीवर. पेठेतल्या सोवळ्या बायकांचा मेळा निघाला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पिंजरा माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "वन्सं, माझ्या हाती नको. मेला तर?"

"मग काय अप्पांच्या हाती देऊ? ते त्याला मोडी शिकवतील," वन्सं म्हणाल्या. "भिजवलेली डाळ, सकाळी एक मिरची, पाणी रोज ताजं. बाकी त्याचं तो बघेल." आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या. मला त्याचंही वाईट वाटलं. इतकी वर्षं एका चुलीवर काढली आणि निघताना डोळ्याला डोळाही नाही...

पुढचे दोन महिने काय सांगू! सकाळी कात्रजच्या पाण्याच्या हौदावरून घागर आणायची, पिंजऱ्यातली वाटी धुवायला हात घालायचा, की "मुजरा!" आणि चोच. बोटाला चिंधी बांधलेली नाही असा दिवस जाईना. आणि बोटापेक्षा वाईट गोष्ट अशी की चावला की मी हात झटक्यात मागे घ्यायची, मनगट गजांवर आपटायचं आणि बांगडी वाढायची. काच फुटली असं म्हणायचं नसतं, नवरा परमुलखात असलेल्या बाईने तर नाहीच नाही. अंगणात हिरव्या काचा पडलेल्या दिसल्या की दुर्गाकाकू कुंपणावरून ओरडायच्या, "अगं बाई, पुन्हा वाढली?" माझा जीव उडून जायचा. एकदा त्याही मोठ्या प्रेमाने राघूला पेरू द्यायला आल्या आणि करंगळी चावून घेऊन गेल्या. पण त्यांना चावला तो त्यांच्या जिभेमुळे असं मी मनात म्हटलं, आणि मला चावतो तो माझ्या हातामुळे. माणसाला स्वतःपुरता न्याय वेगळा असतो.

मग राघू खायचा कमी झाला. छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला. मी वाटी ठेवून लांब उभी राहिले तरी मान फिरवून बसायचा. मला वाटलं, झालं. पाखराला कळतं म्हणतात. याला कळलंय की ही बाई हात लावते ते टिकत नाही. मामंजींनी माझा चेहरा ओळखला असावा. जेवताना म्हणाले, "श्रीमंतांच्या पागेतली निम्मी घोडी लाथा मारतात. म्हणून कुणी त्यांना सांभाळणाऱ्या मोतद्दाराची पत्रिका काढून बसत नाही." मी मान डोलावली. पण मनातली भीती अशी टोमण्याने जाते होय? माझी आई भेटायला आली तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं आणि वचन घेतलं. बाळंतपणाला लोणीला येईन, मूल झालं की ते तिथेच तुझ्याजवळ ठेवीन आणि एकटी परत येईन. माझ्या हातात नको. आईने खूप समजावलं, मामंजींच्याही कानावर घातलं. मी ऐकलं नाही.

सर्वपित्रीच्या अवसेची गोष्ट. घरात पानं मांडायची, वड्यांचं पीठ, खिरीचं दूध, अंगावर सोवळं, आणि त्या गडबडीत राघूची वाटी राहिलेली. सकाळी वाटी धुवायला काढतानाच त्याने मनगटाशी झोंबून माझ्या उजव्या हातातल्या उरलेल्या सगळ्या बांगड्या वाढवल्या होत्या. सोन्याच्या पाटल्या पेटीत, त्या सणालाच निघायच्या. पितृपक्ष आणि त्यात अवस, कासार दारात उभा राहायचा नाही. सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून मी हळदीचा दोरा मनगटाला बांधला आणि रडत रडतच स्वयंपाक केला. दुपारी पानं उठल्यावर वाटी आणि मिरची घेऊन पिंजऱ्याकडे गेले. चावायचं असेल तर चाव बाबा, असं म्हणून तोंड फिरवून हात आत घातला.

काहीच झालं नाही. मुजरा नाही, चोच नाही. थोड्या वेळाने बोटांना काहीतरी ऊबदार लागलं. राघू माझ्या हातातली मिरची हलकेच ओढत होता, वन्संच्या हातातून ओढायचा तशीच. मी श्वास रोखून उभी. तो मिरची खाऊन झाल्यावर माझ्या मनगटावरच्या दोऱ्याशी चोच घासत बसला. अगं बाई, मला काही सुचेना! मी त्या दिवशी दोन-तीनदा उगीचच काही ना काही घेऊन गेले. प्रत्येक वेळी तसंच.

दुसऱ्या दिवशी घट बसले, कासार आला, नव्या बांगड्या भरल्या. मी मोठ्या आनंदाने पिंजऱ्यापाशी गेले आणि हात पुढे केला. किणकिण झाली आणि "मुजरा! मुजरा!" अंगठ्यातून रक्त. मी तिथेच बसले. बसल्या बसल्या हाताकडे बघत होते, आणि बघता बघता उठले, मामंजींच्या जुन्या धोतराचा फडका आणला, बांगड्यांवरून घट्ट गुंडाळला आणि हात आत घातला. राघू गप्प. फडका सोडला, मनगट हलवलं. मुजरा! गुंडाळला. गप्प! मी इतकी मोठ्याने हसले की मामंजी संध्या सोडून बाहेर आले, आणि ते आले तेव्हा मी रडत होते. त्यांना काय कळणार! "काय झालं, मुली?" म्हणाले. मी म्हटलं, "मामंजी, तो मला चावत नाही हो. तो बांगड्यांना चावतो." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे दसऱ्यापर्यंत राघूने पुन्हा डाळ खायला सुरुवात केली आणि छातीवर हिरवी लव दिसायला लागली.

पण आनंद ओसरला तसा एक विचार आला आणि मी गारच झाले. वन्संना तो चावत नाही, कारण त्यांचे हात मोकळे आहेत. बस, एवढंच कारण. आणि त्या तर समजत होत्या की जगात हा एक जीव आपल्याला आपलं म्हणतो. हे त्यांना सांगायचं? माझ्या मनावरचा धोंडा उतरवायचा आणि त्यांच्या मनावर ठेवायचा? मी ठरवलं, बोलायचं नाही. फडका लपवून ठेवीन.

कार्तिकी झाल्यावर वन्सं परत आल्या. माझं पोट तोवर चांगलं दिसायला लागलं होतं. गाडीतून उतरल्या, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "राघूला जगवायला सांगितलं होतं. तू तर आणखी एकाला जगवायला घेतलंस." आणि आत जाऊन हातपाय धुतले. संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. लोणीचं त्यांना मामंजींकडून कळलं होतं. मूल तिकडे ठेवणार हे खरं का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. का, म्हणाल्या. मी रडायला लागले, आणि रडताना सगळंच सांगून बसले. हातगुण, बांगड्या, फडका. लपवायचं ठरवलेलं ते सगळ्यात आधी.

वन्संनी मान खाली घातली. स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं, मी बोलायला नको होतं."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "त्या वाड्यातल्या बायका बांगड्यांनी पिंजरा खडखडवायच्या. तो घाबरून मुजरा ओरडला की सगळ्या हसायच्या. मी बघितलंय. बघितलंय आणि कधी ध्यानात आलं नाही." मग मला जवळ ओढलं. "आता माझं ऐक. तुला दिवस गेलेत हे मला आषाढातच कळलं होतं. सकाळच्या उलट्या काय परातीखाली झाकतेस? तुझी दोन्ही मुलं गेली, त्या दोन्ही वेळी सकाळी उठून तू पहिलं तोंड माझं बघत होतीस. मला वाटलं, माझी सावली पडते म्हणून जातात. म्हणून गेले मी नाशिकला. देवासाठी नाही, तुझ्यापासून लांब."

निघताना डोळ्याला डोळा दिला नव्हता तो यासाठी...

"आणि मूर्ख बघ दोघी," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते. "तो मला चावला नाही म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होते, आणि तुला चावला म्हणून तू स्वतःला अवलक्षणी. मेल्याला आपल्या दोघींशीही घेणं नव्हतं. तुझा हात तो हातच, आणि माझी सावली ती सावलीच. ताप येतो आणि पोरं जातात, सगुणा, सरदारांचीही जातात. मूल इथे आण."

मी मूल इथे आणलं. सदू झाला लोणीला, पण महिनाभरातच आम्ही दोघं परत आलो. घरी पहिली आंघोळ घालायच्या वेळी दुर्गाकाकू हजर, "सोवळ्या बाईने तान्ह्याला आधी हात लावावा का?" वन्सं हात मागे घेणारच होत्या. मी सदूला उचलून सरळ त्यांच्या पायांवर ठेवला आणि म्हटलं, "वन्सं, पाणी निवतंय." इतकी वर्षं त्यांच्या तालमीत काढल्यावर एवढं तरी जमायला हवंच होतं. त्या दिवसापासून सदूची आंघोळ त्यांची आणि दूध-भात माझा. नवरा पुढच्या पावसाळ्याआधी धडधाकट परत आला, फक्त तक्रारी दुप्पट घेऊन. सदूला ताप यायचा तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, आणि दोघींच्या मनात तेच यायचं, हे खरं सांगायला हवं. भीती काही घर सोडून जात नाही. पण एकीची वाढली की दुसरी म्हणायची, "मुजरा!" की दोघींना हसू यायचं आणि काढा उकळायला लागायचो. सदूची मुंज झाली, तो दफ्तरात लागला, मामंजी गेले. या सगळ्यात राघू म्हातारा झाला आणि त्याने चावणं काही सोडलं नाही.

माघात वन्संना धाप लागली. वैद्य येऊन गेले, मान हलवून गेले. शेवटच्या सकाळी घर भरलेलं होतं. नवरा परगावी होता, म्हणून सदूने गंगेची लोटी फोडली आणि चमचा घेऊन पुढे झाला. तीच रीत आहे, घरच्या पुरुषाने पाणी घालायचं. वन्संनी तोंड मिटून घेतलं. सदू घाबरला. दुर्गाकाकू म्हणाल्या, "यमुनाबाई, घ्या हो, भाचा देतोय." वन्संनी डोळे उघडून कोपऱ्यात मला शोधलं. आवाज अगदी बारीक झाला होता, पण धार तीच. "आयुष्यभर जेवले हिच्या हातचं," म्हणाल्या, "आता शेवटी हात बदलू?" मी पुढे झाले. चमचा भरला, त्यांच्या ओठांना लावला. माझी नजर त्यांच्या तोंडाकडे नव्हती, माझ्या हाताकडे होती. हात हलला नाही. एक थेंबही बाहेर सांडला नाही. वन्सं प्यायल्या आणि जेवणात पुरे झालं की म्हणायच्या तसं म्हणाल्या, "बास."

आता सकाळी हौदावरून घागर आली की माझा हात पहिला तांब्या भरतो आणि त्यांच्या बसायच्या जागेशी नेऊन ठेवतो. दहावं झालं की गेलेल्या माणसाला असं पाणी ठेवायचं नसतं, मला शास्त्र ठाऊक आहे. दुर्गाकाकूंनी परवा सांगूनही पाहिलं. मी म्हटलं, "काकू, मी कुठे ठेवते? हात ठेवतो. आणि आताशा मी त्याला अडवत नाही."